खंडेनवमीला न पुजलेला जॅक

"हे धूड कुठे ठेवायचं ते आता तूच सांग," म्हणत अविनाशने तो जॅक माझ्या बॅगेशेजारी आणून उभा केला आणि अष्टमीच्या सकाळी आमच्या प्रवासाची सुरुवात भांडणाने झाली.

अविनाश म्हणजे माझा नवरा. चिखल, ओढा, मुरूम दिसला की त्यात जीप घालायची, हा त्याचा शौक. चारही चाकांना जोर लागणारी ती जुनी जीप त्याची पहिली बायको, मी दुसरी. आणि यंदा घरात आलेला हा जॅक म्हणजे लाडकं लेकरू. माझ्या छातीइतका उंच लोखंडी दांडा, त्याला अंगभर भोकं, त्यावरून वर-खाली चढणारी पकड आणि उपसायला लांबलचक हँडल. उचलताना तोंडातून 'आई गं' निघतंच.

"दसऱ्याला बहिणीकडे चाललोय, हिमालयात नाही," मी म्हटलं.

"काळ्या मातीत चाललोय," तो म्हणाला.

शेवटी प्रत्येक खड्ड्यात खणखणाट नको म्हणून मी त्याला माझ्या जुन्या साडीत गुंडाळलं आणि मागच्या सीटखाली सरकवलं.

अमरावतीहून अकोल्याला हायवेने सरळ गेलात तर दोन-अडीच तास पुरतात. आम्ही मुद्दाम दर्यापूरवरून गेलो. रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे अंगातली हाडं मोजून घेणारा; पण दोन्ही बाजूंना फुटायला आलेली कपाशी आणि सोंगणीला आलेलं सोयाबीन बघत जायला मजा येते. निघण्याआधी अमरावतीत दही-चटणीत भिजलेला गिला वडा खाल्ला. ज्यांनी खाल्ला नसेल त्यांनी या एका गोष्टीसाठी तरी इकडे या, दोघांचं पोट शंभराच्या नोटेत भरतं. दर्यापूरला बसस्टँडजवळ आलूबोंडा आणि चहा. तिथे प्रवासी जीपच्या ड्रायव्हरने आमची उंच गाडी बघून विचारलं, "काहून भाऊ, एवढाले चाकं कायले पाह्यजे?" अविनाश खुलला. पुढचा अर्धा तास मी एकटीच बोंडे संपवत बसले.

अकोल्यात न थांबता बार्शीटाकळीकडे वळलो. ताईचं शेतघर तिथून थोडं पुढे, डांबरी सोडून पांदणीने आत. पांदण म्हणजे दोन शेतांमधली बैलगाडीची वाट, इतकी अरुंद की समोरून गाय आली तर कुणीतरी एकाने माघार घ्यावी. अंगणात पोचलो आणि मी बघतच राहिले. घरामागचं आख्खं शेत पिवळं-केशरी झालं होतं.

हा झेंडू ताईचा. त्या जमिनीत वर्षानुवर्षं सोयाबीन. यंदा ताई हटून बसली की एक एकर मला द्या, मी दसऱ्याची फुलं काढून दाखवते. भाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर, नाखुशीनेच हो म्हणाले होते. "जमलं तं ठीक, नाई तं पुढच्या साली पुन्हा सोयाबीन," हे त्यांनी माझ्यासमोरही दोनदा ऐकवलं. ताई नुसती हसली. पण रात्री ज्वारीची भाकरी थापताना हळूच म्हणाली, "उद्या सकाळी गाडी अकोल्याच्या बाजारात लागली पाह्यजे गं. दसरा झाला का झेंडूले कुत्रं बी विचारत नाई."

आणि त्याच रात्री पाऊस आला. परतीचा, धो-धो.

खंडेनवमीची सकाळ मात्र लख्ख उगवली. शेतावरच्या बाया उजाडताच फुलं तोडायला लागल्या होत्या. इकडे अंगणात ताईच्या सासूबाईंनी पूजा मांडली. त्यांना सगळं गाव 'माय' म्हणतं, आम्हीही. सतरंजीवर फावडी, पहार, विळे, फवारणीचा पंप, ताईची शिलाई मशीन. ट्रॅक्टरला हार. आमच्या जीपलाही हार. अविनाशने त्याचे पाने, दोर, छोटा जॅक असं सगळं आणून ठेवलं. माय भाऊजींचा मोबाइलसुद्धा मागत होत्या, तो त्यांनी वेळेवर खिशात दडवला. अविनाश मोठा जॅक आणायला निघाला तेव्हा मी म्हटलं, "राहू दे रे, सतरंजीवर जागा कुठाय? आणि माझी साडी सोडवत बसायला वेळ नाही." तो हिरमुसला, पण राहिला.

फुलांनी शिगोशीग भरलेली भाड्याची पिकअप निघाली, ताई पुढे ड्रायव्हरशेजारी. आम्ही हात हलवतोय तोवर पांदणीच्या वळणावर गाडी हळूच एका अंगाला कलली आणि बसली. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला तशी मागची चाकं आणखी खाली गेली. इकडच्या काळ्या मातीची हीच तऱ्हा आहे, सुकली की दगड आणि भिजली की लोणी. सगळ्यांनी ढकलून पाहिलं. गाडीचं पोटच चिखलावर टेकलं होतं, ती कशाला हलतेय! उतरवून दुसरीकडे भरावी तर ओली फुलं हाताळण्यातच चेंगरून गेली असती, आणि दुसरी गाडी त्या दिवशी मिळणार कुठे?

"ट्रॅक्टर काढतो," म्हणून भाऊजी घराकडे पळाले. दारातच माय उभ्या.

"पुजलेल्या अवजाराले आज हात नाई लावाचा."

"माय, फुलं सडतीन वो!"

"वर्सातून एक दिवस आराम भेटते त्याईले. थो बी हिसकून घेता का?"

जीपचं नाव काढलं, तर तिच्याही कपाळाला कुंकू. ताई चिखलात उभी होती. फक्त गाडीकडे बघत होती. ऊन चढायला लागलं होतं. एरवी घरभर वचवच करणारी माझी बहीण अशी गप्प झालेली मला बघवेना. मी सरळ मायसमोर जाऊन विचारलं, "माय, जे पुजलंच नाही ते वापरलं तर चालेल?"

"मंग त्याले कोन नाई म्हनते?"

मी आणि अविनाशने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही जीपकडे धावलो. साडीची गाठ सुटेना तर मी ती फाडली.

आता ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी नीट वाचा, कारण हा जॅक घेताना मी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. गाडीसोबत मिळणारा छोटा जॅक डांबरी रस्त्यावर चाक बदलायला ठीक. चिखलात गाडीचं पोट टेकलं की तो खाली घालायलाच जागा उरत नाही. हा उंच जॅक बाहेरूनच मागच्या लोखंडी बंपरखाली लागतो आणि गाडी चांगली हातभर वर उचलतो. पण बंपर मजबूत असेल तरच, प्लॅस्टिकच्या बंपरला लावाल तर तो हातात येईल.

लावला. चार-पाच वेळा हँडल उपसलं. गाडी होती तिथेच, जॅक मात्र चिखलात बुडाला.

"अरे देवा, फळी घरी राहिली," अविनाश म्हणाला. जॅकखाली रुंद लाकूड लागतं, हे मला त्याने शंभरदा ऐकवलेलं होतं.

"एवढं धूड आणलंस आणि फळी विसरलास?" मी ओरडले. ओरडायलाच हवं होतं. पण फळी आणायची कुठून? घरातल्या फळ्यांवरसुद्धा सकाळी हळदकुंकू पडलं होतं. तेवढ्यात माय पांदणीने तरातरा येताना दिसल्या. काखेत तोरणं ओवताना बसायचा त्यांचा जाड सागवानी पाट.

"हा पुजेतला नाई," त्या म्हणाल्या. "माह्या बसाचा हाय. घ्या."

पाट बसला, पाटावर जॅक बसला. पुढच्या चाकांसमोर दगड लावले, हँडब्रेक ओढला. अविनाशने सगळ्यांना लांब उभं केलं, कारण याचं हँडल हातातून सुटलं तर जबडा फोडतं, आणि उचललेल्या गाडीखाली तर हातसुद्धा घालायचा नाही. मग टक, टक, टक. चाक 'पचक' करून वर आलं तेव्हा बाया अशा ओरडल्या की पलीकडच्या शेतातली माणसं बांधावर आली. काठ्यांनी रेटत खड्ड्यात विटांचे तुकडे आणि गंजीतल्या पऱ्हाट्या, म्हणजे गेल्या साली उपटलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या भरल्या, जॅक हळूहळू उतरवला, मग दुसऱ्या बाजूला तेच. दगड काढले, ताई पुन्हा पुढे चढून बसली. ड्रायव्हरने देवाचं नाव घेतलं आणि पिकअप पऱ्हाट्या कडाकडा मोडत बाहेर पडली. ताईने खिडकीतून मागे बघितलंसुद्धा नाही, इतकी घाई!

दुपारी फोन आला. "उतरली गं सगळी गाडी! टोपलं बी नाई उरलं!" ती रडत होती की हसत होती कळेना, मी मात्र दोन्ही केलं. भाऊजी ओसरीवर बसून बोटांवर हिशेब घालत होते. मग अविनाशला म्हणाले, "दोन एकर लावला तं जास्त होईन का हो?"

संध्याकाळी अविनाशने जॅक घासूनपुसून मायसमोर आणला. "माय, आता याचीही पूजा करा."

माय पाटावर बसल्या होत्या. पाटावर जॅकच्या बुडाचा चौकोनी वळ उमटला होता, तो साडीखाली झाकला गेला होता. त्यांनी जॅककडे पाहिलं, मान हलवली. "नोको बाप्पा. पुजला का थो बी बसून राहीन. एखादं अवजार बिनापुजेचं असू द्या जावईबापू. गाडी काय सन पाहून फसते?"

दसऱ्याला दुपारी निघालो आणि हायवेने दिवेलागणीच्या आत अमरावतीत. दोघांचा एकूण खर्च म्हणाल तर डिझेल, वडे आणि बोंडे, बाकी ताईने पिशव्या भरभरून झेंडू, भाजी आणि ठेचा दिला. दारात तोरण बांधलं, सोनं वाटलं. मग अविनाश कुंकवाची वाटी घेऊन जीपपाशी गेला. जीपला बोट लावलं, स्टेपनीला लावलं, आणि सवयीने मागचं दार उघडून जॅककडे वळला.

मी त्याचा हात धरला.

"त्याला नको," म्हटलं, "त्याला कामावर राहू दे."