चमचा वाजवायला मीच शिकवलं

मंडळी, आज डोकं फिरलंय. तुमच्याशीच बोलते.

कळंब्यातल्या आमच्या गॅलरीत मी रोज पक्ष्यांसाठी पेरू-पपई ठेवते, हे फोटोंमुळं तुम्हाला माहीत आहेच. ताटलीवर चमचा वाजवला की बुलबुल, तांबट, पोपट हजर. शेपटीचं पीस तुटलेला एक पोपट तर हातातून फोड घ्यायचा.

मध्यंतरी लग्नासाठी आजऱ्याला गेले. पाखरं उपाशी राहू नयेत म्हणून शेजारच्या अण्णांकडं किल्ली दिली. चमचा कसा वाजवायचा तेही शिकवलं. परत आले तर तो पोपट दिसेना. अण्णा म्हणाले, "गेला असंल कुठंतरी. येतोय की!"

आज लग्नातले लाडू द्यायला त्यांच्या घरात गेले. समोर पिंजरा, आणि आत तोच तुटक्या शेपटीचा!

मी ओरडलेच. अण्णा हसत म्हणाले, "चिडतीस कशाला? तूच धीट केलंस की त्याला. पेरू धरला, आपसूक हातात आला बघ. नातीला पायजे हुता."

"आत्ताच्या आत्ता सोडा, न्हाईतर वनखात्याला फोन करते!"

अण्णांनी पिंजरा खिडकीत नेऊन दार उघडलं. पोपट उडाला. बरं वाटलं.

घरी येऊन बघते तर गॅलरीत, रिकाम्या ताटलीशेजारी, माझ्या हाताकडं बघत बसलेला.

सांगा, अजूनही माणसावर विश्वास ठेवणाऱ्या पाखराचं काय करायचं? मी तर जोरजोरात टाळ्या वाजवून त्याला हाकललं.