दोरीवरची साडी

बाळांनो, आपल्या खालच्या मजल्यावरचे आजोबा दर रविवारी यमुनेवर शिडाच्या होडीच्या शर्यतीला जात. निघताना खालून मला विचारत, "वहिनी, साडी हलतेय का?" आपल्या बाल्कनीतल्या दोरीवरून त्यांना वाऱ्याचा अंदाज येई. साडी स्वस्थ असली की म्हणत, "चलो, आज नुसतं वल्हवायचं."

गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांची होडी बंद केली. तरी रविवारी टोपी घालून ते खाली उभे राहतात आणि तेच विचारतात.

आज धुणं नव्हतं. मी कपाटातली कोरडी साडी दोरीवर टाकली.

"जोरात हलतेय, भाऊजी."

ते बराच वेळ वर बघत राहिले. "आज बिल्कुल पहिला आलो असतो," म्हणाले.

अंधार पडेपर्यंत मी साडी काढली नाही.