पाच पाट आणि एक अट

आमच्या शेजारच्या गणिताच्या मास्तरांनी जेवढ्या लोकांचं वरण निववलं, तेवढं अख्ख्या इंदुरात कुणी निववलं नसेल. मध्य प्रदेश नवा होता, पण आमच्या मराठी घरांतले रुसवे संस्थानी काळातले. पंगतीत कोण कुणाशेजारी बसत नाही, हे सगळ्यांना पाठ. म्हणून कार्य निघालं की पाट मांडायला मास्तर. ते नावांच्या चिठ्ठ्या एकेका पाटावर ठेवत जात. तिसऱ्या पाटावर भांडण निघालं की ती चिठ्ठी उचलून दुसरी लावत. कुठलीच बसेना, तर एक पाट मागे येऊन तिथली बदलत. बरं, जमणारी रांग सापडली तरी थांबणं नाही, जमतील तेवढ्या सगळ्या मोजायच्या. माझ्या लग्नात बारा सापडल्या तरी चालूच. मी नवरदेव, सकाळपासून उपाशी. कळवळून म्हणालो, "मास्तरजी, एक काफी है नं!" ते शांतपणे म्हणाले, "भिया, अजून किती आहेत ते कळल्याशिवाय घास कसा उतरेल?"

मग त्यांच्याच मुलीचं लग्न निघालं. मानाच्या पंगतीत पाच जण: व्याही, मुलीचे मामा, आत्याचे यजमान, देपालपूरचे थोरले दादा आणि स्वतः मास्तर. दादा म्हणजे मास्तरांचे सख्खे थोरले भाऊ, पण दोघांत नऊ वर्षं अबोला होता. आईच्या आजारपणाचा निरोप दादांनी उशिरा धाडला. मास्तर पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. 'दादांशेजारी मी नाही' ही अट मास्तरांनीच लिहिलेली. पण दादांना पाट मिळाला नाही, तर ते उपाशी उठून जाणार आणि नातं कायमचं तुटणार, हेही त्यांना कळत होतं.

आदल्या दुपारी मांडवात त्यांनी पाच चिठ्ठ्यांच्या होतील तेवढ्या एकशेवीस रांगांतली एकही सुटू दिली नाही. "शून्य," म्हणाले. इतरांच्या अटी काढायचा हक्क त्यांना नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांनी स्वतःची खोडली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "दोन. एक रांग, आणि तीच उलटी." दोन्हींत दादा त्यांच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी मी वाढत होतो. दोघं मान खाली घालून जेवत होते. मठ्ठ्यापर्यंत आल्यावर दादा हळूच म्हणाले, "आईच म्हणाली होती रे, त्याच्या शाळेत परीक्षा चालू आहेत, त्याला बोलवू नको."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही, दादा?"

"तू विचारलं कुठे?"

मला मास्तरांकडे बघवेना. मी पुढच्या पाटाकडे वळलो.

पुढच्या वर्षी दादा गेले. मास्तर आठवडाभर आधीपासून देपालपूरला त्यांच्या उशाशी होते. शाळेत परीक्षा चालू होत्या.