गेल्ती म्हणजे गेली होती

पुण्याला निघाले तेव्हा वडीगोद्रीच्या हायवेवर बाबाच माझ्यापेक्षा जास्त बोलत होते. तीर्थपुरीहून जीपने आलो होतो, पुण्याची गाडी लेट होती, आणि टपरीवर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, "पोरगी जर्नालिझम करायला चालली." कुणीतरी विचारलं, "म्हंजी काय करनार?" जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे माझे बाबा ताठ होऊन म्हणाले, "पेपरात. खरं लिहायचं काम हाय, साधं न्हाई." मी ओढणी सारखी करत रस्त्याकडे बघत राहिले. आता वाटतं, ती गाडी चुकली असती तर बरं झालं असतं.

माझी शाळा इंग्लिश मीडियमची. घरी आई 'गेल्ती', 'आल्ती' बोलू द्यायची नाही, दर वेळी दुरुस्त करायची, "गेली होती म्हण." मी तशीही कमी बोलायचे. पण ऐकायला कोण अडवणार? शाळेच्या व्हॅनमधून उतरले की मी शेजारच्या कमलकाकूंच्या ओट्यावर. तिथे रोज कुणीतरी कुठेतरी गेल्ती आणि कुठून तरी आल्ती.

तीन वर्षं कॉलेजात मी शिकले की बातमीची दोन ठिकाणांहून खातरजमा करावी. त्यावर दहा मार्कांचा प्रश्न यायचा, मला नऊ मिळाले होते. नंतर एका न्यूज पोर्टलच्या डेस्कवर लागले आणि कळलं की तिथे फक्त एक शब्द यावा लागतो, 'खळबळ'. कांदा घसरला, खळबळ. नटीने केस कापले, खळबळ. रिक्षावाल्याने काय करता विचारलं तर आता मी 'कंटेंट' म्हणते. एकदा 'न्यूज' म्हणाले होते, तर तो स्वारगेटपर्यंत मला ऐकवत होता. त्यातलं काहीही खोडता येईना, त्याचाच जास्त राग आला.

मागच्या वर्षी तीर्थपुरीत काकूंच्या पापड गटाच्या शेडमध्ये गॅसची टाकी फुटली. तिकडच्या वार्ताहराने ऑडिओ पाठवला, "आत बाया व्हत्या. कमलबाई सकाळीच गेल्ती, बाकीच्या बराबर हायेत." मी हेडफोन लावून दोनदा ऐकलं. काकू शेडमध्ये नव्हत्याच, सकाळीच बाहेर गेल्या होत्या; बाकीच्याही सुखरूप होत्या. जीव भांड्यात पडला.

आमच्या सिनिअरने मात्र तोच ऑडिओ ऐकून हेडलाइन तयारच ठेवली होती, 'स्फोटात महिलेचा मृत्यू'.

मी म्हटलं, "सर, गेल्ती म्हणजे गेली होती."

"तेच ना, गेली! टाक पटकन, दुसरे टाकतील."

माझा आवाज मुळात लहान. तो दुसऱ्यांदा निघाला नाही. सर खुर्चीमागे उभे होते. बातमीत काकूंचं नाव होतंच; मी 'तीर्थपुरीत खळबळ' जोडलं आणि बटण दाबलं.

काकू सुनेला घेऊन अंबडला दवाखान्यात गेल्या होत्या. मोबाईल शेडमध्येच राहिलेला, तो जळाला. गावात त्यांच्या दारात बायका रडायला जमल्या. त्यांची मुलगी शारदा नाशिकला असते. तिने बातमी वाचली, काकूंना फोन लावला, तो बंद. ती तशीच गाडीत बसली. घरचा फोन लागला तेव्हा ती येवल्याला पोचली होती.

आम्ही हेडलाइन बदलली, 'सुदैवाने बचावल्या'. माफी नाही, खुलासा नाही. उलट दुसरी बातमी पहिलीपेक्षा जास्त वाचली गेली आणि सर म्हणाले, "चालली स्टोरी."

पुढच्या सुट्टीत गावी गेले. बाबा आता कुणाला माझ्या नोकरीचं सांगत नाहीत, विषय निघाला की पाऊसपाण्यावर येतात. मी काकूंकडे गेले.

"ये गं बाई," त्या हसून म्हणाल्या, "मेलेल्या बाईच्या हातचा चहा पी."

ओट्यावर बसलेल्या बायकाही हसल्या. त्या उठून गेल्यावर मी काकूंना सांगितलं की ती बातमी मीच टाकली होती. आणि ऑडिओ मला कळला होता.

काकूंनी कप खाली ठेवला. "तुला तर गेल्ती कळतं. मंग बोलली का न्हाई?"

"बोलले, काकू. एकदाच. हळू."

त्यांनी बायकांचे रिकामे कप गोळा केले. मग म्हणाल्या, "मला काय झालं न्हाई, बाई. पन माह्या शारदीला दोन तास आई नव्हती."

तुम्ही जे गावात आहात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तुम्हाला 'घर' म्हटलं की काय आठवतं मला माहीत नाही. ऑफिसात मला 'बोलली का नाही' हे कुणी विचारलं नाही, ना सरांनी, ना संपादकांनी. तिथे माझं बोलणं आणि न बोलणं सारखंच आहे. एवढ्या मोठ्या जगात मी का बोलले नाही याचा जाब मला एकाच ओट्यावर विचारला गेला. मी तिथून उठू शकले असते. उठले नाही.