रिस्टबँडखालचा चट्टा

१८ नोव्हेंबर. दुधाने भरलेला गंज गॅसवरून उतरवताना माझी उजवी करंगळी भाजली. मला कळलंच नाही. वहिनी ओरडली, "अवो ताई, हात काढा! कातडी जळून राहिली!" फोड आला होता आणि दुखत काहीच नव्हतं. त्याच सकाळी भंडाऱ्याचा सरकारी दवाखाना गाठला.

त्वचेच्या डॉक्टरांनी माझा रिस्टबँड काढायला लावला. खाली फिकट चट्टा. म्हणाल्या, "डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

मी वाट पाहिली. "करा ना सुरू," म्हटलं.

"चार वेळा लावून झाला."

मग त्यांनी कोपरामागची नस चाचपली. सुतळीसारखी जाड झाली होती. "हॅन्सेन्स डिसीज, म्हणजे कुष्ठरोग. बरा होतो. पण बोटांतली ताकद किती परत येईल ते सांगू शकत नाही. उशीर केलात."

उशीर मी मेहनतीने केला होता. अकरा वर्षं व्यावसायिक टेनिस खेळले. आता लाखनीत शाळेमागच्या मैदानात मुलांना शिकवते. करंगळी बधिर व्हायला लागली तेव्हा मीच ठरवलं, सर्व्हिस करून करून नस दबली. ग्रिप जाड केली. चेंडू दाबायचा व्यायाम वाढवला. चट्टा दिसत होता, पण बँडखालची कातडी खेळाडूची फिकटच असते. असे आठ महिने गेले. खेळणाऱ्यांनो, दुखणं सोसायची आपल्याला सवय असते. जे दुखायला हवं आणि दुखत नाही, ते आधी दाखवा.

एमडीटी सुरू झाली. मल्टी ड्रग थेरपी, म्हणजे तीन औषधं एकत्र, वर्षभर, फुकट. नस सुजली होती म्हणून स्टेरॉइडही. झोप उडाली. रॅकेट हातातून निसटतच राहिली.

माझ्याकडून कुणाला लागण झाली का, म्हणून मुलांची तपासणी करायची होती. आरोग्य कर्मचारी म्हणाले, "शाळेची सरसकट तपासणी म्हणून करू जी. तुमचं नाव नाही निघणार."

नाव लपवायला मी नको म्हटलं. रोज मुलांच्या बोटांवर बोटं ठेवून मी ग्रिप शिकवते. रविवारी पालकांना मैदानावर बोलावलं, बँड काढला आणि सांगितलं. औषध सुरू झाल्यावर माझ्यापासून धोका नाही, हेही सांगितलं.

एक आजोबा म्हणाले, "गोळ्यानं बरं होते, त भेव कायचा?" आणि नातीचा हात धरून निघून गेले.

हायवेवर चहाचं दुकान चालवणारी शारदा थांबली. तिची मुलगी माझी सगळ्यात चांगली खेळाडू. "काहून सांगतलं जी मॅडम? चुपचाप गोळ्या खाल्ल्या असत्या. आता कोन पाठवन पोरीले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर पाणी मारलं, नेट बांधलं. सातपर्यंत कोणी आलं नाही. मग शारदा आली, एकटीच. बाही वर सारली. दंडावर फिकट चट्टा.

"दोन साल झाले जी. गजकर्ण समजून मलम लावून राहिली."

मी किटमधला कापूस काढला. "डोळे मीट. लागला की सांग."

ती डोळे मिटून उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "लावा ना जी."

मी नेट सोडलं. आम्ही दोघींनी आठची भंडाऱ्याची एसटी पकडली.