मशीन बेसूर होत नाही

ज्या इंग्लिश बँडवर आम्हा दोघा भावांचा जीव जडला, त्याचा सगळा इतिहास मारामारीचा आहे. उत्तर इंग्लंडातल्या एका कापडगिरण्यांच्या गावातली ही दोन पोरं. एक टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला, दुसरा चर्चमध्ये गाणारा. सगळं गाव गिटारवर नाचत असताना या दोघांनी एक जुना सिंथेसायझर विकत घेतला आणि तेवढंच घेऊन पबमध्ये उभे राहिले. पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी बियरचे ग्लास फेकून मारले. गाणाऱ्याची भुवई फाटली, तिची खूण त्याच्या प्रत्येक फोटोत दिसते. पुढच्या गावी डोकी भादरलेल्या टोळक्यानं दोघांना पबच्या मागे गाठून तुडवलं. नंतर नाव झालं, पैसा आला, आणि बाहेरचे मारायचे थांबले तसे हे दोघे एकमेकांना मारायला लागले.

दादा हे सगळं सांगायला लागला की रंगून जायचा. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. ठाण्याच्या घरी ती कॅसेट त्यानंच आणली आणि माझ्या कानांवर हेडफोनही त्यानंच चढवले. मी तेव्हा गाण्याच्या क्लासला जाऊन तंबोऱ्यावर सा लावत बसायचो आणि दादा पेटी वाजवायचा. त्या कॅसेटनं दोघांनाही क्लासमधून उठवलं. दादाचे माझ्यावर उपकार आहेत हे मी नाकारत नाही. इथे आखातात, जबल अली बंदरातली नोकरीही त्यानंच शब्द टाकून मिळवून दिली. ते तो विसरू द्यायचा नाही, हा भाग वेगळा.

त्याची लाडकी गोष्ट जर्मनीतल्या कार्यक्रमाची. स्टेजवरच्या दिव्यांनी मशीन तापलं आणि त्याचा सूर हळूहळू उतरला. त्या काळातल्या मशीनांचं असंच असतं, आतले भाग तापले की सूर जागचा हलतो. वाजवणारा मात्र कार्यक्रमभर गाणाऱ्याकडे डोळे वटारून बघत राहिला, तूच बेसूर आहेस म्हणून. शेवटी आतल्या खोलीत गाणाऱ्यानं एका ठोशात त्याचं नाक फोडलं. बँड मोडला, नावासाठी दोघं कोर्टात गेले, कित्येक वर्षं त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. दादा त्या ठोशाची नक्कल करून दाखवायचा. ऐकणारे हसायचे, मीही हसायचो. ते नाक किती दिवस दुखलं, हे त्या बँडवरच्या कुठल्याही लेखात नाही. इतिहासात मार खाणाऱ्याला एक वाक्य मिळतं आणि तेही बहुतेक वेळा विनोदी असतं.

काही वर्षांपूर्वी मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून दादानं तसंच मशीन विकत घेतलं. आम्ही अल क्वोजमध्ये गॅरेजांच्या ओळीतल्या एका पत्र्याच्या शेडचा अर्धा भाग भाड्यानं घेतला आणि दर शनिवारी त्या बँडची गाणी बसवायला लागलो. शेजारी गाड्यांचे पोचे काढायचे, त्यामुळे हातोडीचे ठोके आम्हाला फुकट मिळायचे. दादा फुजैराहून गाडी हाणत यायचा. तिथल्या तेलाच्या टर्मिनलवर मोजमापाची उपकरणं तपासणं हे त्याचं काम. उन्हानं टाकीतलं तेल फुगतं, मोजताना तापमान धरलं नाही तर आकडा खोटा येतो, हे तो नव्या इंजिनियरांना शिकवायचा. असा माणूस आपल्या मशीनच्या बाबतीत मात्र आंधळा होता.

तो शनिवार जुलैतला होता. एका हॉटेलात आमचा पहिला कार्यक्रम ठरला होता आणि दादा आठवडाभर तणतणत होता. सकाळपासून घरघरणारा एसी दुपारी बंद पडला आणि शेडची भट्टी झाली. तिसऱ्या गाण्याला मी सूर लावला आणि मशीनचा सूर माझ्या खाली. तंबोऱ्यावर बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, अंगावर काटा येतो. मी थांबलो. दादानं पुन्हा घ्यायला लावलं. मी पुन्हा थांबलो आणि मशीन उतरलंय असं सांगितलं.

"मशीन बेसूर होत नाही," दादा म्हणाला. "तुझा घसा टाइट झालाय. फ्रॉम द टॉप, यल्ला, चल."

मी त्याला जर्मनीची आठवण करून दिली. शंभर वेळा सांगितलेली स्वतःची गोष्ट याला समोर दिसत नाही म्हणून मला हसू आलं, ते मी लपवलं नाही. त्याचा चेहरा काळा पडला. घरी पेटी वाजवायचा तेव्हाही सगळ्यांदेखत धाकट्यानं सूर चुकलेला दाखवला की त्याचा चेहरा असाच व्हायचा. तो पुन्हा वाजवायला लागला, अजून मोठ्यानं, तोच उतरलेला सूर माझ्यावर दाबत. मी जाऊन मशीनची वायर उपटली.

पहिली कानाखाली बसली तेव्हा मी थक्क झालो. दुसऱ्या वेळी तयार होतो. मी मार खाऊन घेणारा नाही. मी त्याचा ओठ फोडला, त्यानं माझा शर्ट फाडला, आम्ही वायरींत पाय अडकून पडलो आणि जमिनीवरही एकमेकांना सोडेना. तोंडं चालूच होती. त्यानं नोकरीचं काढलं, व्हिसाचं काढलं, माझ्याशिवाय तू कोण होतास ते काढलं. मी म्हटलं, तुझ्याशिवाय मी सुरात होतो. तेवढ्यावर तो उठला, माइकचा स्टँड आडवा उचलला आणि त्याचं लोखंडी बूड माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला घातलं.

मांडणीवरची सगळी भांडी एकदम कोसळल्यासारखा आवाज झाला. मग बारीक शिट्टी, मग त्या बाजूला काहीच नाही. कानातून काहीतरी गरम मानेवर उतरत होतं. पोचे काढणारा शेजारी हातोडी तशीच हातात धरून दारात येऊन उभा राहिला होता. दादानं स्टँड खाली ठेवला, अगदी हळू, जणू स्टँडलाच लागेल.

हॉस्पिटलमध्ये कळलं की कानामागच्या हाडाला चीर गेली आहे आणि त्या कानाचं ऐकणं परत येणार नाही. हेही कळलं की अशी जखम असली की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं. मी खूश झालो. खरं तेच लिहितो, मला दादाला बेड्या पडलेल्या बघायच्या होत्या. ओठ सुजलेला, शर्टावर माझं रक्त, दोन पोलिसांच्या मध्ये, असा तो मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा बघत होतो आणि मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात पुतणी आत आली. अकरावीतली मुलगी. जन्म इथला, शाळा इथली. ठाणं तिला सुट्टीतल्या उकाड्यापुरतं माहीत. वहिनी बाहेरच बाकावर बसून राहिल्या होत्या, त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. पुतणी उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. कुठला कान चालतो हे तिनं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं.

"काका, जस्ट से यू फेल डाउन," ती म्हणाली. "दे विल सेंड बाबा बॅक. माझा व्हिसा बाबावर आहे. आय डोंट हॅव एनी अदर प्लेस."

कसं आहे, दुखतंय का, हे तिनं विचारलं नाही. मला तिचा राग आला, तिच्यावर रागवायला जागा नव्हती म्हणून जास्तच आला. पण ती म्हणत होती ते खरं होतं. गुन्हा शाबीत झाला की आधी तुरुंग, मग बहुतेक देशाबाहेर, आणि बापामागून आई-मुलीचंही इथलं सगळं संपलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. तिनं माझ्या पायांवरची चादर सारखी केली आणि गेली.

पोलीस तरुण होता, सभ्य. त्यानं हिंदीत विचारलं. मी सांगितलं, एसी बघायला शिडीवर चढलो आणि पडलो. त्यानं माझ्या सोललेल्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खलास?" त्यानं विचारलं.

"खलास," मी म्हटलं.

मशीन दादानं विकलं. दिवाळीच्या फराळाला त्याच्या घरी कुणीतरी माझ्या कानाची चौकशी केली तेव्हा मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, शिडीवरून पडला. चिवड्याचा डबा पुढे करत, सहज. माझी थाप त्यानं घरातल्या चमच्यासारखी उचलून वापरली. हातातली बशी त्याच्या तोंडावर फोडावी असं मला वाटलं. मी चिवडा खाल्ला. तेव्हापासून कुठेही गेलो की मी दादाच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे तो माझ्या मेलेल्या कानाकडे येतो. बाकी सगळ्यांचं मला ऐकू येतं.

या हिवाळ्यात तो बँड पुन्हा एकत्र येऊन अबू धाबीला आला. तिकिटं दादानं काढली. मी गेलो, कारण तो आवाज मला एका कानानं का होईना ऐकायचा होता. दोन म्हातारे स्टेजवर आले. आता सगळं कॉम्प्युटरवर, कितीही तापलं तरी सूर हलत नाही. दोन गाण्यांच्या मध्ये गाणाऱ्यानं जोडीदाराच्या वाकड्या नाकाकडे बोट दाखवलं आणि ठोशाची नक्कल केली. सगळं मैदान हसलं. वाजवणाराही हसला, पण हसता हसता त्याचा हात नाकाकडे गेला आणि क्षणभर तिथेच राहिला.

दादा हसला नाही. मला ते नजरेच्या कोपऱ्यातून दिसलं. पुढचं गाणं सुरू झालं आणि तो माझ्याकडे झुकून बोलायला लागला. बराच वेळ बोलला. गालावर त्याचा श्वास लागत होता, ओठ हलताना दिसत होते. नुसती मान वळवली असती तर ऐकू आलं असतं. इतके महिने मी हेच ऐकायची वाट बघत होतो, आणि मी मान वळवली नाही.

परतताना गाडी तो चालवत होता. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे गाडीतही तो त्याच कानाशी. एका सिग्नलला त्यानं माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा मी वळलो.

"मी मघाशी बोललो ते ऐकलंस ना?"

"हो," मी म्हटलं. शिडीवरून पडलो म्हटलं होतं, त्याच आवाजात.

त्यानं डोळे पुसले. सिग्नल सुटला. घर येईपर्यंत तो मोकळेपणानं काहीबाही बोलत राहिला आणि मी समोरच्या रस्त्याकडे बघत बसलो.