थरथरत्या मॉनिटरवरचं आमचं लग्न

आधी हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगते. नाही करणार? बरं, हसा. तसंही आख्खी चाळ हसून झालीय.

लग्न होऊन महिना होत आलेला. परळच्या आमच्या चाळीत माझी ख्याती एकच: "निलेशची बायको? तोंडातून शब्द नाय फुटत बिचारीच्या!" सासूबाईंना याचा केवढा अभिमान! आणि मलाही ती ख्याती जपायची होती. फुकटात मिळालेली अब्रू कोण सोडतं?

तर रविवारी लग्नाचा व्हिडिओ बघायला चाळ आमच्या खोलीत जमली. निलेशने गेम खेळायला कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं. त्याचं आणि जुन्या मॉनिटरचं काही केल्या जमेना. चित्र थरथरायचं, मधेच गायब व्हायचं. भटजी दिसले की नवरी गुल!

सगळे हळहळत होते. मी मनातून खूश! कारण आदल्या दिवशी व्हिडिओ मी मोबाइलवर गुपचूप पाहिला होता. त्यात पंगतीच्या वेळी, सासूबाईंच्या पाठीमागे, मी माझ्या बहिणीला त्यांच्या चालीची नक्कल करून दाखवतेय. कमरेवर उजवा हात, मान तिरकी, डाव्या बोटाने पानं मोजत. आणि कॅमेरावाल्याने मेल्याने नेमकं तेच झूम केलंय!

"कार्डचं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, परत टाकलं, तरी तेच," निलेश वैतागला.

"मी बघू?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मुकी बोलली!

"बघूंदे तिका," सासूबाई शेजारच्या तावडेकाकूंना ऐटीत म्हणाल्या. "हापिसात कॉम्प्युटरारच बसता ती."

मी मॉनिटरच्या मागे हात घातला. उगाच केबल दाबली, उगाच मान हलवली, डॉक्टर नाडी बघताना हलवतात तशी. तेवढ्यात पंगतीची पानं मांडलेली दिसली. झटकन सेटिंगमध्ये शिरले आणि मॉनिटरला झेपणारच नाही असा रिफ्रेश रेट देऊन टाकला.

फट्! स्क्रीन काळी. वर नुसतं 'आउट ऑफ रेंज'.

"कार्डच गेलं वाटतं," मी पडेल आवाजात म्हटलं. "आता काही दिसायचं नाही."

मंडळी उठायला लागली.

"अहो, बसा बसा!" निलेश ओरडला. "काही गेलेलं नाही. नवी सेटिंग ठेवू का, असं कॉम्प्युटर विचारतो. कोणी हो म्हटलं नाही, की थोड्या वेळाने आपणहून जुनी आणतो."

हे मला कुणी सांगायचं?

स्क्रीन उजळली. आणि काय उजळली! थरथर नाही, फरफर नाही. मी दाबली ती केबलच सैल होती म्हणे! आरशासारखं लख्ख चित्र, आणि त्यात मी. कमरेवर उजवा हात, मान तिरकी.

कुणी हसेना. सगळे सासूबाईंकडे बघतायत, मी फरशीकडे.

"निलू, मागे घे जरा."

त्यांनी परत पाहिलं. मग शांतपणे उठल्या, पदर खोचला.

"अशी नाय गो! कमरेर डावो हात असता माझो. उजवो मोजूक लागता."

आणि भर खोलीत चालून दाखवलं! चाळ नुसती कोसळली.

आता कुणाचाही मॉनिटर लुकलुकला की मला बोलावणं येतं. केबल दाबायला नव्हे हो, ती निलेश दाबतो. मी चालून दाखवायचं. आणि दारात सासूबाई उभ्या असतात, हात तपासायला.